फिल्टर आणि फिल्म: स्टॉपचा हिशोब एकाच ठिकाणी मांडा

प्रश्न थोडक्यात असा आहे. निकॉन एफएम२ आणि याशिका इलेक्ट्रो ३५ असे दोन कॅमेरे घेऊन गोवा आणि तळकोकण फिरून झालं. दोन्हींत इल्फर्ड एचपी५ प्लस ही ब्लॅक अँड व्हाइट फिल्म, आयएसओ (फिल्मचा वेग) ४००. एफएम२ वर पिवळा आणि लाल फिल्टर लावताना दर वेळी आयएसओची चकती तेवढी खाली आणली. याशिका ऑटोमॅटिक, म्हणून तिच्यावर पिवळा फिल्टर लावून बाकी काही बदललं नाही. रोल धुऊन आले तेव्हा एफएम२ चा रोल काळाकुट्ट आणि याशिकाचा फिका निघाला. आता पुन्हा गोवा आणि वेरूळ ठरलंय, तर कोणत्या फिल्टरला किती स्टॉप वाढवायचे?

एक स्टॉप म्हणजे प्रकाश दुप्पट किंवा निम्मा. किती वाढवायचे ते पुढे बघू. आधी कोणी वाढवायचे ते ठरवा: मीटरने, आयएसओच्या चकतीने की तुम्ही स्वतः. फिल्टरमुळे बिघडलेले रोल बघायला येतात, त्यांत बहुतेकदा एक तर हिशोब दोनदा झालेला असतो, नाही तर कोणीच केलेला नसतो. तुमच्या दोन रोलांत दोन्ही प्रकार सापडतात.

एफएम२ चं मीटर लेन्समधून आलेला प्रकाश मोजतं. पुढे फिल्टर लावला की मीटरलाही अंधार दिसतो आणि ते आपोआप जास्त एक्स्पोजर मागतं. तुम्ही वर आयएसओ ४०० चा २०० केलात, म्हणजे पिवळ्या फिल्टरचा एक स्टॉप मीटरने दिला आणि दुसरा चकतीने. लाल फिल्टरला ५० वर आणलंत तेव्हा तीन स्टॉप फुकट गेले. उधारी एकच आणि लिहिली दोन वह्यांत, असा तो प्रकार. तो रोल मात्र टाकून देऊ नका. एचपी५ जास्तीचं एक्स्पोजर बरंच पचवते. दाट निगेटिव्हला एन्लार्जरखाली वेळ जास्त लागेल, ग्रेन थोडा वाढलेला दिसेल, पण सावल्यांतला तपशील शाबूत असेल.

याशिका इलेक्ट्रोचा प्रकाश मोजणारा सेल लेन्सपासून दूर, वर बॉडीवर व्ह्यूफाइंडरच्या शेजारी बसवलेला आहे. लेन्सवर काय लावलंय याची त्याला गंधवार्ता नसते. शटर कॅमेरा निवडतो आणि कॉम्पेन्सेशनसाठी वेगळं बटण नाही, त्यामुळे तिथे आयएसओची चकती हीच एकमेव जागा: एचपी५ वर पिवळ्यासाठी २००, लाल लावलात तर ५०. म्हणजे तुम्ही एफएम२ वर जे केलंत ते याशिकावर करायला हवं होतं आणि याशिकावर जे केलंत ते एफएम२ वर.

तिसरी जात कॅननेट क्यूएल१७ जी-थ्रीसारख्या कॅमेऱ्यांची. दिसायला याशिकाची बहीण, पण सेल फिल्टरच्या रिंगच्या आत, लेन्सच्या काचेला लागून. फिल्टर लावला की सेलही झाकला जातो, त्यामुळे चकतीला हात लावायचा नाही. जुना कॅमेरा घेतल्यावर सेल कुठे आहे हे बोटाने झाकून बघा. लेन्स झाकल्यावर मीटरचा काटा पडला, तर मीटर लेन्समधून किंवा लेन्सला लागूनच बघतंय. हातातलं मीटर किंवा फोनवरचं मीटर ॲप वापरत असाल तर स्टॉप स्वतःच वाढवा. फोनच्या कॅमेऱ्यासमोर रंगीत फिल्टर धरून मोजण्याच्या भानगडीत पडू नका; फोन स्वतःच्या मर्जीने रंग सुधारतो आणि येणाऱ्या आकड्याला काही अर्थ राहत नाही.

आता आकडे. फिल्टरच्या कडेवर छापलेला आकडा पुष्कळदा फॅक्टर (एक्स्पोजर किती पट वाढवायचं तो आकडा) असतो, स्टॉप नव्हे. फॅक्टर २ म्हणजे एक स्टॉप, ४ म्हणजे दोन, ८ म्हणजे तीन. पिवळा ८ नंबर (काही कंपन्या त्याला के२ म्हणतात) एक स्टॉप खातो, हिरवा ११ नंबर दोन, लाल २५ नंबर तीन. यात आणखी एक खोच आहे: ‘८ नंबर’ हे पिवळ्या फिल्टरचं नाव आहे, तर ‘एनडी८’ (एनडी म्हणजे सगळे रंग सारखेच अडवणारा राखाडी फिल्टर) मधला ८ हा फॅक्टर. एनडीच्या बाबतीत तर काही कंपन्या ८ लिहितात आणि काही ०.९, दोन्हींचा अर्थ तीनच स्टॉप. दोन फिल्टर एकावर एक चढवले तर फॅक्टरचा गुणाकार करायचा आणि स्टॉपची बेरीज. पिवळा एक आणि पोलरायझर दोन, झाले तीन. नितळ यूव्ही किंवा स्कायलाइटला काही द्यावं लागत नाही.

इथवरचं पाठ झालं तरी लेन्समधून मोजणाऱ्या कॅमेऱ्यावर गाडी एका ठिकाणी अडते, आणि ते ठिकाण म्हणजे लाल फिल्टर. मीटरच्या सेलला रंग जसे जाणवतात तसे ते फिल्मला जाणवत नाहीत. पुष्कळ जुने सेल तांबड्या प्रकाशाला फिल्मपेक्षा जास्त दाद देतात. फिल्मला तीन स्टॉपचा अंधार असतो आणि मीटरला दोनाचाच वाटतो. निघण्याआधी घरीच हे तपासा. उन्हातलं ग्रे कार्ड (मोजणीसाठीचा मध्यम राखाडी पुठ्ठा) किंवा रंग न दिलेली सिमेंटची भिंत घ्या. फिल्टरशिवाय एफ/१६ ला १/५०० आलं, तर २५ नंबर लावल्यावर १/६० यायला हवं. १/१२५ आलं तर तुमच्या या कॅमेऱ्याला या फिल्टरवर कायम एक स्टॉप वरून द्यावा लागणार. फिल्टरच्या डबीत तशी चिठ्ठी घालून ठेवा.

हेही झालं तरी मुख्य मुद्दा पुढेच आहे. फिल्टरमधून मोजलेलं रीडिंग बऱ्याचदा तो फिल्टर ज्यासाठी लावला तेच पुसून टाकतं. जुन्या गोव्यात हे उत्तम समजतं. रस्त्याच्या एका बाजूला से कॅथेड्रल, चुन्याने पांढरंशुभ्र, एकच बुरूज शिल्लक राहिलेलं. समोर बॉम जेझूची बासिलिका, गिलावा काढलेली, उघड्या जांभ्या दगडाची. दोन्हीकडची थेट ऊन पडलेली भिंत निवडा. ऊन तेच, म्हणजे एक्स्पोजरही एकच. एचपी५ ला स्वच्छ उन्हात एफ/१६ ला १/५००. लाल फिल्टरचे तीन स्टॉप धरून एफ/८ ला १/२५०. आता हेच मीटरला विचारा. से कॅथेड्रलच्या भिंतीने फ्रेम भरली की मीटर म्हणतं, प्रकाश फार आहे, एफ/८ ला १/१००० कर. मीटरला दिसेल ते मध्यम राखाडी करायचं असतं. चुन्याची भिंत राखाडी होते आणि बाकी सगळं काळोखात जातं.

बासिलिकेकडे वळा. जांभा तांबडा, फिल्टर लाल. फिल्टर तो तांबडा रंग जवळपास अडवतच नाही, त्यामुळे मीटरला भिंत उजळ वाटते आणि ते, समजा, १/५०० सांगतं. तुम्ही लाल फिल्टर लावला तो कशासाठी? जांभ्याची भिंत फिकट, उजळ यावी आणि मागचं आभाळ गडद व्हावं म्हणून. मीटरचं ऐकलंत तर आभाळ अजून काळं होतं, पण भिंत पुन्हा मध्यम राखाडी येते. डोळ्यांनी बघताना होती तशीच, वर सावल्या मेलेल्या. चिऱ्यांमधल्या सांध्यांत, भोकांत जो तपशील असतो तोही जातो. म्हणून उन्हातल्या अशा फोटोंना मी मीटरला विचारतच नाही. फिल्टरशिवाय एकदा ग्रे कार्ड मोजायचं, फॅक्टर वाढवायचा, शटर आणि ॲपर्चर लावून टाकायचं आणि ऊन बदलेपर्यंत व्ह्यूफाइंडरमधले दिवे काय म्हणतात तिकडे लक्ष द्यायचं नाही. एफएम२ मॅन्युअल आहे हे तिचं सुख आहे. आभाळ निरभ्र असेल तर तासन्‌तास एकच सेटिंग चालतं.

ज्यांना दर फोटोला मोजल्याशिवाय चैन पडत नाही त्यांनी निदान आपल्या तळहातावर मोजावं. तळहात ग्रे कार्डपेक्षा किती उजळ येतो ते एकदा घरी ताडून ठेवलं की प्रवासात कार्ड बाळगायला नको. पण तेही फिल्टर काढूनच. तळहातही तांबूसच असतो.

वेरूळला उलटा पेच आहे. कैलास, म्हणजे सोळा नंबरचं लेणं, वरून खाली कोरत नेलेलं, त्यामुळे प्रांगण खोल आणि भोवती उंच कातळ. ऊन तिरपं असेल तेव्हा अर्धं प्रांगण सावलीत असतं आणि त्या सावलीत जो प्रकाश पोहोचतो तो मुख्यतः निळ्या आभाळाचा. लाल फिल्टर नेमका निळा प्रकाश अडवतो. फिल्टरचा फॅक्टर थेट उन्हासाठी काढलेला असतो. सावलीत हाच फिल्टर तीनाऐवजी चार स्टॉपही सहज खातो. फॅक्टर अगदी बरोबर लावूनही सावलीतली शिल्पं शाईत बुडवल्यासारखी काळी येतात, आणि लोक लॅबला दोष देतात. अशा ठिकाणी पिवळ्यावर भागवा किंवा फिल्टर काढूनच टाका. लालच हवा असेल तर सावलीसाठी आणखी एक स्टॉप द्या आणि उन्हातला भाग प्रिंट करताना बर्न करून (तेवढ्याच भागाला जास्त उजेड देऊन) सांभाळा.

त्यात पुन्हा बेसाल्ट काळा. काळ्या दगडाने फ्रेम भरली की मीटर त्याला राखाडी करायला जातं आणि एखाद-दुसरा स्टॉप जास्त देतं. म्हणजे सावलीत फिल्टरने चोरलेला स्टॉप काळ्या दगडामुळे परत मिळाला, दोन चुका एकमेकींत फिटल्या आणि फोटो छान आला, असंही होतं. मग माणसाचा समज होतो की आपली पद्धत बरोबर आहे आणि तीच पद्धत तो पांढऱ्या देवळावर वापरतो. वेरूळला जमलं म्हणून गोव्यात जमेलच असं समजू नका.

संध्याकाळी गणित पुन्हा बदलतं. उतरत्या उन्हात तांबडा प्रकाश जास्त, त्यामुळे पिवळा आणि लाल फिल्टर आपल्या फॅक्टरपेक्षा कमी खातात. ट्यूबलाइट नसलेल्या, पिवळ्या बल्बच्या उजेडातही तेच. तिथे चूक झाली तरी जास्तीच्या बाजूला होते, त्यामुळे ब्लॅक अँड व्हाइट निगेटिव्हवर मी त्याचा फार विचार करत नाही.

पावसाळ्यात सह्याद्रीत जाणारे हमखास विचारतात की धुकं कापायला लाल फिल्टर चालेल का. चालत नाही. हिवाळ्यात किंवा मार्चनंतर दूरच्या डोंगरांवर जो निळसर पडदा असतो तो हवेतल्या बारीक कणांचा; ते निळा प्रकाश जास्त विखुरतात, म्हणून पिवळा, नारिंगी, लाल फिल्टर तो पडदा पातळ करतात. हरिश्चंद्रगडावर किंवा आंबोलीत जुलैला जे असतं ते पाण्याच्या थेंबांचं धुकं. ते थेंब सगळे रंग सारखेच विखुरतात. तिथे लाल फिल्टर लावून मिळत काही नाही, आधीच कमी असलेल्या उजेडातून तीन स्टॉप मात्र जातात. शिवाय ओलं हिरवं रान लाल फिल्टरखाली कोळशासारखं दिसतं. हिरवळ उजळायची असेल तर पिवळा-हिरवा फिल्टर बरा. आणि धुकं स्वतः पांढरं आहे हे विसरू नका. मीटर त्याला राखाडी करतं, म्हणून रीडिंगपेक्षा एक स्टॉप जास्त द्या.

पोलरायझर साधारण दीड ते दोन स्टॉप खातो, आणि हा आकडा तो फिरवल्याने बदलत नाही. फिरवल्यावर आभाळ गडद होतं, पानांवरची चकाकी जाते, पाण्याचा तळ दिसतो. मीटरला हे सगळं ‘अंधार झाला’ असं वाटतं आणि ते जास्त एक्स्पोजर देतं. मग गडद केलेलं आभाळ पुन्हा उजळ. तेव्हा पोलरायझर लावून मोजायचं असेल तर जे फिरवल्याने बदलत नाही ते मोजा: कोरडी माती, सिमेंट, ग्रे कार्ड. परिणाम सूर्यापासून काटकोनात सर्वांत जास्त असतो, त्यामुळे २४ किंवा २८ मिलिमीटरच्या लेन्सवर आभाळाचा एक भाग काळा आणि दुसरा फिका येतो. ते एक्स्पोजरने सुधारत नाही. याशिकावर पोलरायझर वापरायचाच तर आधी डोळ्यासमोर धरून फिरवा, रिंगवरची खूण कुठे आली ते बघा आणि लेन्सवर त्याच कोनात बसवा. चकतीवर दोन स्टॉपही द्यायचे.

जुन्या बाजारात मिळणारे पोलरायझर बहुधा लिनिअर असतात. एफएम२ किंवा पेंटॅक्स के१००० ला ते चालतात. ऑटोफोकस एसएलआरला (आरशातून थेट लेन्समधलं दृश्य दाखवणाऱ्या कॅमेऱ्याला) सर्क्युलर हवा, कारण त्यांच्या आरशातून थोडा प्रकाश आरपार सेन्सरकडे जातो आणि लिनिअर पोलरायझर तिथे गोंधळ घालतो.

धबधब्यांसाठी एनडी नेणार असाल तर फिल्टरच्या फॅक्टरनंतर आणखी एक हिशोब असतो, तो डिजिटलवरून आलेल्यांच्या डोक्यातच नसतो. एक सेकंदाच्या पुढे फिल्म मंदावते. दुप्पट वेळ दिला म्हणून दुप्पट परिणाम होत नाही. इल्फर्डने यासाठी सोपं सूत्र दिलं आहे: मोजलेल्या सेकंदांचा ठरावीक घात. एफपी४ प्लसला तो घात १.२६, एचपी५ प्लसला १.३१. समजा ढगाळ दुपारी एफपी४ वर एफ/१६ ला १/८ सेकंद आलं. एनडी६४ म्हणजे सहा स्टॉप, म्हणजे ८ सेकंद. हे आठ सेकंद एफपी४ वर साधारण १४ होतात, एचपी५ वर आठाचे १५. फोमापान १०० असेल तर तिच्या तक्त्यानुसार १० सेकंदांना आठपट वेळ द्यावा लागतो, म्हणजे तुमचे ८ सेकंद मिनिटाच्या आसपास पोहोचतात. फुजीच्या ॲक्रॉसला मात्र १२० सेकंदांपर्यंत काहीच वाढवावं लागत नाही. लांब एक्स्पोजर करणारे तिच्यावर उगाच जीव टाकत नाहीत. क्रम लक्षात ठेवा: आधी फिल्टरशिवाय मोजायचं, मग फिल्टरचे स्टॉप, आणि जो वेळ येईल त्याला फिल्मचा मंदपणा.

गडद एनडीमधून मोजू नका. लेन्समधून प्रकाश जवळजवळ येत नाही आणि कॅमेरा तिपाईवर असताना तुमचा डोळा आयपीसवर नसतो. मागून शिरलेला उजेड प्रिझममधल्या सेलवर पडतो आणि मीटर समजतं की भरपूर आहे. ऑटोवर असाल तर आयपीस टोपीने, रुमालाने, कशानेही झाका.

रंगीत फिल्मबद्दल थोडक्यात. कोडॅक गोल्डसारखी निगेटिव्ह एक-दोन स्टॉप जास्त सहज सोसते, कमी मात्र सोसत नाही. शंका आली की जास्तीकडे झुका. एक्टाक्रोम ई१०० सारख्या स्लाइड फिल्मला अर्ध्या स्टॉपची चूकही दिसते, तिथे पोलरायझर लावून एकाच दृश्याचे दोन-तीन फोटो अर्ध्या अर्ध्या स्टॉपने मागेपुढे करून घ्या. बल्बच्या उजेडासाठीचा निळा ८०ए दोन स्टॉप खातो, त्यामुळे रात्री हातात कॅमेरा धरून तो वापरणं अवघडच. सिनेस्टिल ८००टी दिवसा नारिंगी ८५ फिल्टर लावून वापरायची तर आयएसओ ५०० धरा.

राहिला विसरभोळेपणा. एसएलआरमध्ये लाल फिल्टर राहिला तर व्ह्यूफाइंडर लाल दिसतो. याशिकात काहीच कळत नाही. उन्हातून देवळाच्या गाभाऱ्यात शिरलात तरी लेन्सवर पिवळा तसाच, किंवा त्याहून वाईट म्हणजे फिल्टर काढलाय आणि चकती २०० वरच. मी रंगीत फिल्टर कॅमेऱ्यावर लावून कधीच बॅगेत ठेवत नाही. जागा सोडली की फिल्टर डबीत आणि चकती मूळ आकड्यावर, दोन्ही एकाच वेळी. कॅमेऱ्याच्या पाठीवर कागदी चिकटपट्टीचा तुकडा, त्यावर फिल्मचं नाव आणि खरा आयएसओ. चकती तिथल्या आकड्याशी जुळत नसेल तर लेन्सवर फिल्टर असलाच पाहिजे, इतकी सरळ तपासणी. जुन्या कॅननेटला पाऱ्याच्या १.३५ व्होल्टच्या बॅटरीऐवजी १.५ ची अल्कलाइन घातली असेल तर मीटर मुळातच चुकीचं दाखवतं, तेव्हा फिल्टरला दोष देण्याआधी बॅटरी बघा.

आणि रोल चुकलाच आहे हे प्रवासात लक्षात आलं, तर रोलवर आकडा लिहा. अख्खा रोल पिवळ्यावर काही न वाढवता गेला तर ती एचपी५ आयएसओ ८०० वर काढल्यासारखी झाली; लाल असेल तर ३२०० वर. लॅबला ‘फिल्टर लावला होता’ एवढं सांगून त्यांच्या काही हाती लागत नाही, ‘८०० ला पुश करा’ (म्हणजे जास्त वेळ डेव्हलप करा) हे कळतं. ३२०० पर्यंत एचपी५ पुश होते, पण सावल्या रिकाम्या राहणार आणि कॉन्ट्रास्ट चढणार हे धरून चाला. निम्मे फोटो बरोबर आणि निम्मे कमी असतील तर मात्र पुश करायला सांगू नका. रोल नेहमीसारखाच धुऊन घ्या आणि फिक्या फ्रेम चार नंबरच्या (जास्त कॉन्ट्रास्टच्या) ग्रेडवर प्रिंट करा.